म्हाताऱ्या माश्यांची पंचेचाळिसावी पिढी

४ जानेवारी
ताई आजपासून बाळंतपणाच्या रजेवर. वयाने माझ्याहून लहान, पण लॅबमध्ये सगळेच तिला ताई म्हणतात, म्हणून मीही. जाताना तिच्या फळमाश्यांच्या बारा बाटल्या माझ्या स्वाधीन केल्या. साधी फळमाशी चाळीस-पंचेचाळीस दिवसांत आटपते. ताई नऊ वर्षं फक्त सत्तरी गाठलेल्या माश्यांचीच अंडी पुढे नेते आहे. आता पंचेचाळिसाव्या पिढीत सगळ्याच सत्तरी ओलांडतात. आयुष्य रक्तातच लांबलं. तिची कायमची नेमणूक होणं या बाटल्यांवरच अवलंबून आहे.
संकल्प : रोज नऊला हजर. चहा नंतर.

१६ जानेवारी, दुपारी
खाद्य बदलायचा दिवस. ताईचा नियम : निम्म्या बाटल्या आज, निम्म्या उद्या. खाद्य पूर्ण गार झाल्याशिवाय माश्या सोडायच्या नाहीत. बायकांना उगाच धास्ती. बाराच्या बारा एका दमात उरकल्या. खाद्य कोमट होतं. कोमट म्हणजे जवळजवळ गारच.

१८ जानेवारी
बाटल्यांना आतून घाम. सगळ्या माश्या काचेला आणि खाद्याला चिकटून मेलेल्या. सगळ्या म्हणजे सगळ्या.
ताईला आजच कळवणार.

१९ जानेवारी
ताईला मुलगी झाली. अशा वेळी कसं कळवायचं? माणुसकी म्हणून काही आहे की नाही? तात्पुरत्या साध्या माश्या भरून ठेवल्या. लेबलं तीच.

२ मार्च
साध्या माश्या मरू लागल्या. अर्थातच. लॅबचे प्रमुख सर म्हणाले, ताईच्या माश्या यंदा लवकर थकल्या का? मी म्हटलं, छे हो, आळसावल्यात.
जेवलो नाही. मग रात्री थोडं जेवलो.

३ मार्च
मार्ग सापडला! पुढच्या पिढीपासून बाटल्यांची पेटी पंचवीस अंशांवरून अठरावर. थंडीत माशी सावकाश वाढते, सावकाश म्हातारी होते. नोंदवहीत मात्र पंचवीसच लिहितो आहे. हा खोटेपणा नव्हे. आयुष्यात परिस्थितीचाही वाटा असतोच, तो मी पुरवतो आहे.

२० जून
माश्या ऐंशीव्या दिवशीही टुणटुणीत! सरांनी पाठ थोपटली. घरी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, तुमच्या वडिलांनीही शेजाऱ्यांचा पोपट उडाल्यावर दुसरा आणून ठेवला होता, झाकपाक तुमच्या घराण्यातच आहे. म्हणजे दोष माझा एकट्याचा नाही तर! तरी झोप लागत नाही.

११ जुलै
ताई परतली. पेटी मी आदल्या रात्रीच पुन्हा पंचवीसवर आणून ठेवली होती. माश्या बघून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, घरच्यासारखं सांभाळलंत. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सोमवारी सांगणार.

१४ जुलै
सोमवार फार गडबडीचा होता. शिवाय तिने एक चाचणी लावली : तिच्या आणि साध्या माश्यांची अंडी एकाच पेटीत, एकाच पंचवीस अंशांवर. जगण्यातला फरक रक्ताचा की परिस्थितीचा, हे पक्कं करून मगच नेमणुकीच्या समितीपुढे जाणार म्हणे. मी म्हटलं, एवढी काय घाई? ती म्हणाली, घाई नाही, खात्री.
चाचणी संपायच्या आत सांगणार. नक्की.

९ सप्टेंबर
दोन्हीकडच्या माश्या एकाच आठवड्यात मेल्या. ताईने तीनदा मोजल्या. मग स्टुलावर बसून राहिली. म्हणाली, नऊ वर्षं मी स्वतःलाच फसवत होते, कुठेतरी माझीच मोजणी चुकली. मी तोंड उघडलं. म्हटलं, पाणी आणू का?
आणलं.

१२ सप्टेंबर
समितीपुढे जाण्याआधी सरांनी विचारलं, रजेच्या काळात काही गडबड तर झाली नाही ना? मी होतो तिथेच. माझ्याआधी ताईच बोलली : त्यांच्यावर शंका नको सर, ते एवढं जपून करतात, चूक माझीच. तिने नेमणुकीचा अर्ज मागे घेतला. सरांनी माझी नोंदवही पुढे केली, शेवटच्या पानावर सही हवी होती, सर्व काळ पंचवीस अंश.
सही केली. अक्षर बरं आलं.