सुभेदाराने परत आणलेला नारळ

नारळी पुनवेनंतरचा चौथा दिवस, १९३३

रा. रा. नामाभाऊ यांस रेवसजवळच्या कोळीवाड्यातून, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा गुणाजी याचा रामराम. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवावे. तुळशी म्हणते, दादाला सुपारी कमी करायला सांगा. (ती स्वतः करत नाही, ते असो.)

तुम्ही विचारले आहे की, वखारीच्या राखणीसाठी घेतलेला तुमचा कुत्रा सुभेदार माझ्याकडे राहून धीट झाला का? झाला असल्यास दसऱ्याला न्यायला येता. तर ऐका. आला तेव्हा तो कावळ्याला भीत होता, झाकणाच्या आवाजाला भीत होता, आणि एकदा स्वतःच शिंकला त्यालाही भ्याला. मी म्हटले, याला एखादे काम शिकवावे, हाताला काम आले की भीती जाते. आमच्या परसातल्या माडांचे नारळ खाडीत पडतात आणि ओहोटीबरोबर परगावी जातात, ते याने तोंडात धरून आणावे असे ठरवले. पण हा पाण्यात पाय घालीना. मग नारळाची शेंडी दातांत धरून मीच सतरा दिवस खाडीत पोहलो. (अख्खा कोळीवाडा काठावर बसून पाहत होता. तुळशी पाणी भरायला मागच्या वाटेने जाऊ लागली.) अठराव्या दिवशी माझी दया येऊन त्याने उडी मारली आणि माझ्या दातांतला नारळ काढून घेतला. नामाभाऊ, मला रडू आले.

मग आली पुनव. विठोबा पाटलांनी सोनेरी कागदातला नारळ दर्याला वाहिला, हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा नारळ पायाशी, आणि शेजारी सुभेदार शेपूट हलवत उभा. ताशे थांबले. पाटलांनी पुन्हा वाहिला, त्याने पुन्हा आणला. तिसऱ्यांदा मी त्याला आवरायला धावलो तो घसरून पाण्यात पडलो. त्याने दोघांनाही आणले, आधी नारळ, मग सदऱ्याला धरून मला.

दर्याने नारळ नाकारला म्हणजे होड्या लोटायच्या कशा? पाटील म्हणाले, "कुत्रा वस्तीतून घालव गुणाजी, न्हायतर तू पन जा." (खरे सांगतो, बिऱ्हाड कुठे हलवावे हाच विचार आला, कुत्रा सोडण्याचा आलाच नाही.) तेवढ्यात आमच्यातली सगळ्यांत म्हातारी आवडाबाई काठी टेकत पुढे आली. म्हणाली, "ह्यो सावलीला भिणारा कुत्रा. त्याला दर्यानं तीनदा सुखरूप परत धाडला. मंग तुमच्यासारक्या धडधाकट बाप्यांना काय गिळतो व्हय?" पाटलांनी नारळ पुन्हा उचलला. चौथ्यांदा नारळ वाहिला तेव्हा सुभेदार तुळशीच्या कडेवर होता. होड्या लोटल्या, पहिल्याच खेपेला भरभरून मासळी लागली. आता रोज कोणीतरी त्याला आपल्या होडीवर मागायला येते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
गुणाजी

ता. क. पत्र तुळशीला वाचून दाखवले तेव्हा तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "धीट झाला असं लिवलंत, आता दादा न्येल ना त्याला." तरी वरचे धिटाईचे सगळे खोडले आहे असे समजावे. कुत्रा फार भित्रा आहे. आत्ताच ताटली पडली म्हणून माझ्या मांडीखाली शिरला आहे. (हे मात्र खरे.)

आणखी एक. तुमच्या वखारीसाठी मी अलिबागेहून चांगले भक्कम कुलूप आणून ठेवले आहे. दसऱ्याला जरूर यावे. येताना एकटे यावे, जाताना कुलूप घेऊन जावे.