आबांना लॉबीत जागा

२ सप्टें.
आजच्या मीटिंगचा खर्च: चहा, बटाटेवडे आणि रघू. पहिले दोन सोसायटीच्या नावावर टाकले.
करी रोडची आमची चाळ पाडली, टॉवर उभा राहतोय. चाळीचे जुने पुढारी आबा, त्यांचा अर्धपुतळा तोवर माझ्या मंडपाच्या गोडाऊनमध्ये, कनातींखाली. तो नव्या लॉबीत बसवायचा का, एवढाच विषय. मी अध्यक्ष, म्हटलं, पाच मिनिटांचं काम. आबांनी भांडून चाळीला नळ आणला. बाप गेल्यावर मला पहिलं काम त्यांनीच दिलं. तेवढ्यात रघू उठला. माझा खोलीशेजारी, जन्माचा दोस्त.
"तुझे आबा. माझे नव्हेत."
वडा तसाच ठेवून गेला.

५ सप्टें.
निवळेल. मी कानांवर धंदा केलेला माणूस, कुणाकडं लग्न ठरतंय ते आधी ऐकून मंडपाची ऑर्डर गाठणारा. चाळीत भिंतीपलीकडं कोण कुजबुजलं तेही मला कळायचं.
संध्याकाळी नाक्यावर दोन कटिंग सांगून बसलो. दोन्ही मीच प्यायलो.

९ सप्टें.
रघूच्या भाड्याच्या खोलीवर गेलो, नायगावला. वहिनींनी पाणी दिलं. रघू म्हणाला,
"वामन्या, दसऱ्याला आबांच्या पुतळ्याला नळाच्या पाण्यानं आंघोळ घालायचात. मी कधी लोटा धरला?"
"तुझी नाईट शिफ्ट असायची रे."
"दर दसऱ्याला?"
वहिनी हसल्या. मग तो सावकाश बोलला. रघूच्या जातीनं नळाला हात लावायचा नाही, हा आबांचा नियम. सगळ्यांचं भरून झालं की त्याची आई हंडा घेऊन लांब उभी राहायची. कुणीतरी वरून ओतायचं.
"कधी कधी तुझी आई. चांगली होती. पाय भिजू द्यायची नाही."
म्हटलं, पुतळ्याखाली पाटी लावू. नळ आणला तेही लिहू, बंदी घातली तेही.
"लाव. आणि मी रोज येताजाता ती वाचू?"
वहिनींनी दिलेलं पाणी एका दमात संपवलं नि उठलो.

१४ सप्टें.
मीटिंग. सेक्रेटरी मेधानं हात मोजले. "काका, समसमान. आता तुमचं मत."
रघू मागच्या खुर्चीत. माझ्याकडं बघितलं नाही. "रविवारी सांगतो," म्हटलं नि उठलो.
गोडाऊनला येऊन कनात बाजूला केली. आबांचा चेहरा तसाच मायाळू. मला तरी ते तसेच होते. बाहेर ठेवले तर आबांचे उपकार मानत गेलेल्या आईला काय... आत घेतले तर रघू त्या दारातून कसा...
काही ठरलं नाही.
माझ्या नि रघूच्या खोल्यांच्या मध्ये भिंत नव्हतीच. लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं. सगळ्यांचं भरून झाल्यावर त्याची आई हंडा उचलायची, तो आवाज रोज मला यायचा.