फ्रीजमधली डबी

ती. सौ. महादेवीअक्कास धाकट्या नंदीशचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून तेवढं लिहून ठेवतो. खरं मानायचं की नाही ते तू ठरव. दाजींचा गुडघा कसा आहे? माळशिरसचं ऊन सोसतंय ना? सोलापुरात सकाळीच डांबर चपलेला चिकटायला लागलंय आणि आपली अव्वा, आईची सवयच ती, घरातली दिसेल ती वस्तू फ्रीजमध्ये ठेवते. (हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) खरं तर फोनच केला असता, पण तुझा फोन दाजी उचलतात आणि लगेच स्पीकरवर टाकतात. हा विषय तुमच्या अख्ख्या गल्लीला ऐकवण्यासारखा नाही.

तर अक्का, मागे तू मला विचारलं होतंस, की ऋतुजाचं ते टेस्ट ट्यूबचंच चाललंय का. नाही. याला आय.यू.आय. म्हणतात. गोळ्या-इंजेक्शनं देऊन तिचं बीज पिकवतात, सोनोग्राफीत ते कितपत वाढलंय ते बघतात, आणि ते सुटायच्या बेतात आलं की माझा नमुना घेतात. तो प्रयोगशाळेत धुतात (आमच्या कारखान्यातल्या टॉवेलांसारखा नव्हे), त्यातले आळशी बाजूला काढतात, धडपडे तेवढे निवडतात आणि बारीक नळीने थेट तिच्या गर्भपिशवीत सोडतात. पुढचं सगळं आतल्या आत, इतर चार बायकांचं होतं तसंच. म्हणजे डॉक्टर फक्त रिक्षाने गल्लीच्या तोंडापर्यंत सोडतात. दार ज्याचं त्याने शोधायचं. बरेचदा सापडत नाही. त्यात कुणाचाच दोष नसतो असं डॉक्टर मला सांगतात, मी ऋतुजाला सांगतो, ऋतुजा मला सांगते, आणि दोघांनाही ते पटत नाही. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा नंतरचे दोन आठवडे ती जिना उतरताना काठोकाठ भरलेली घागर नेल्यासारखी चालली, आणि दोन्ही वेळा शेवटी न्हाणीघराचं दार लावून रडली. आता तिसरी खेप, आणि ही शेवटची, असं तिने सांगितलं. मी वाद घातला नाही. सुया तिच्या पोटात जातात, मला फक्त एका खोलीत जाऊन बसायचं असतं.

त्या खोलीबद्दल मात्र बोललंच पाहिजे. एका बाजूला रक्त तपासायची खिडकी, दुसऱ्या बाजूला स्वच्छतागृह, मध्ये ही. कडी सैल. भिंतीवर एका गुबगुबीत बाळाचं चित्र, ते सारखं माझ्याकडेच बघतं. बाहेर कुणीतरी बाप्या घसा खाकरत उभा. मागच्या खेपेला मला इतका वेळ लागला, की शेवटी नर्सबाईंनी दारावर टकटक करून, चहा सांगू का, असं विचारलं. (चांगल्या मनाने विचारलं, पण त्यानंतर कुणाला काय जमणार?) डॉक्टरांनाच दया आली. म्हणाले, घर जवळ आहे तर घरूनच आणा. मात्र अर्ध्या तासात पोचवा, डबी बनियनच्या आत अंगाशी धरा, उन्हात नको आणि थंडाव्यातही नको.

आम्ही अव्वाला एवढंच सांगितलं होतं, की पोटाचं औषध चालू आहे. ठरल्या दिवशी ऋतुजा पुढे गेली. मी माझं काम उरकून डबी रुमालात गुंडाळली, स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली आणि स्कूटरची किल्ली शोधायला गेलो. (किल्ली माझ्याच खिशात होती.) तेवढ्यात अव्वाने डबी पाहिली. पोटाचं औषध, तेही सुनेचं, आणि असं उन्हाळ्यात उघड्यावर! तिने फडकं ओलं केलं, डबीला गुंडाळलं आणि फ्रीजमध्ये अगदी मागे, दह्याच्या भांड्याला टेकवून ठेवली. मी फळी, टेबल, देव्हारा, सगळं पालथं घातलं, तोवर ती माझ्या हातावर घालायला दही घेऊन आली. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला दही द्यायचं हे ती कधी विसरत नाही. डबी कुठंय म्हणून मी ओरडलो तर म्हणाली, ‘‘आरं, उनात नासंल म्हून ठिवली की! तुज्याच बायकूचं औषिद हाय, जपाय नको व्हय?’’ दही चाटलं, गारठलेली डबी बनियनमध्ये घातली आणि निघालो.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाल्या, बहुतेक सगळे निपचित पडलेत. डॉक्टर म्हणाले, दुसरा नमुना द्या. मी पुन्हा त्या खोलीत, त्या बाळासमोर. नाही जमलं. तोवर ऋतुजा टेबलावर वाट बघत पडली होती. तिला सांगितल्यावर ती स्वतःच उठली, चपला घातल्या आणि स्कूटरवर माझ्या मागे बसली.

त्या दिवसापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. सून आपल्यावर रुसली असं अव्वाला वाटतं. ती रोज ऋतुजाच्या आवडीचं करते आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारते, ‘‘माजं काय चुकलं रं?’’ ऋतुजा रुसली आहे ती माझ्यावर. ती म्हणते, आपल्याच घरात चोरासारखं औषध घ्यायचा मला कंटाळा आला. अव्वांना खरं सांगा, तरच मी आणखी एकदा त्या टेबलावर जाईन, नाहीतर राहू दे. आणि अक्का, कारखान्यात चाळीस माणसांवर ओरडणाऱ्या माझी आईपुढे जीभ उचलत नाही. मी दमलोय गं.

बाकी ठीक. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नंदीश

ता. क. : वरचं सगळं प्रस्तावना समज. खरं काम असं, की येत्या रविवारी ये आणि डबीत काय होतं ते अव्वाला तू सांग. तुम्ही बायका बोलू शकता. मी त्या वेळी बाजारात असेन.

ता. क. दुसरा : रविवारी येऊ नकोस. मी पाकीट शोधत होतो तेवढ्यात ऋतुजाने हे पत्र उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन अव्वाला मोठ्याने वाचून दाखवलं. टॉवेलांसकट. मी जिन्यावर बसून होतो. आधी भाकरी थापायचा आवाज थांबला, आणि मग अव्वा पिठाच्या हातांनीच बाहेर आली. ‘‘एवढीशी डबी, अन् मला सांगाय लाज वाटली व्हय? सातव्या म्हैन्यात झालास तू, मांजराच्या पिलाएवढा. तवा काचंची पेटी कुटं हुती? वटीत धरून जगिवलं तुला. पुढच्या बारीला तुजी डबी बी मीच वटीत धरून नेनार. तू हात लावू नगंस.’’ आत ऋतुजा हसत होती. किती दिवसांनी तो आवाज ऐकला! मला मात्र तिथेच रडू आलं.

ता. क. तिसरा : अव्वाला सांगायला आता नको, पण पुढच्या महिन्यात ये. ऋतुजा तयार झाली आहे. अव्वाला स्कूटरची भीती वाटते, तेव्हा रिक्षात तिला धरून बसायला कुणीतरी हवं. तिचे दोन्ही हात ओटीवर असणार. एवढ्या उन्हात तिने पेटीतली जाड इरकल काढून ठेवली आहे. पातळ साडीत ऊब राहत नाही म्हणते.