आमच्या हवालदारांचे ओट्स

६ जानेवारी, सोमवार

ओट्स! माझ्या घरात आता ओट्स शिजणार!

संध्याकाळी हे युनिटमधून आले ते तोंड पाडून. बूट न काढताच पलंगाच्या कडेवर बसले. "वजन जास्त भरलं," म्हणाले. दिवाळीपासून मी काय सांगतेय? मग हळूच पुढचं — तीन फेब्रुवारीला पुन्हा वजन. तेव्हाही जास्त भरलं तर मेडिकल कॅटेगरी खाली. कॅटेगरी खाली म्हणजे नायब सुभेदारीची बढती गेली. डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय म्हणे, सकाळचे पराठे बंद, ओट्स खा.

इतकी वर्षं वाट बघितली. खटावला सासूबाईंच्या हाताखाली शेणघाण करत काढली, लेक अनू एवढीशी, हे कधी वाळवंटात, कधी वर बर्फात. जाऊबाईंचं ऐकून घेतलं — "अजून हवालदारच का भावजी?" आणि आता हातातोंडाशी आलेली नायब सुभेदारी ह्यांच्या पोटाच्या घेरापायी घालवायची? माझ्या जिवंतपणी नाही!

७ जानेवारी

कँटीनमध्ये गेले. शेजारच्या लतिकावहिनी बरोबर होत्या. त्यांचे केतनभाऊजी ह्यांच्याच युनिटच्या ऑफिसात क्लार्क आहेत. ओट्सचं अख्खं कपाट! मसाल्याचे, आंब्याचे, झटपट होणारे, हळू होणारे, एक तर नुसत्या कण्यांसारखे. नवऱ्याला खायला घालायचंय की परीक्षेला बसायचंय?

वहिनी पाकीट उलटं करून वाचतात. "मसाल्याचे नको, मीठच मीठ. आंब्याच्यात साखर. झटपटवाल्यांचा तर चिखल होतो. हे जाड पोह्यांसारखे आहेत ना, बिल्कुल हेच घ्या." घेतले. चिडतच घेतले.

८ जानेवारी

आईला फोन केला तर ती हसतच सुटली. "अगं, ओट आपण गाईला घालतो की! वरच्या रानात चाऱ्याला पेरलाय." फोन स्पीकरवर होता. ह्यांनी ऐकलं. झालं! सकाळपासून घरात हंबरतायत. अनू खिदळतेय. मला हसू येत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

जमलं! आमच्याकडे लापशी करतात तसेच केले. आधी तुपावर खमंग भाजले, मग दूध, गूळ, वेलदोडा, वर ओलं खोबरं. ह्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली, पुन्हा मागितली. "असे असतील तर जन्मभर खाईन," म्हणाले. उगाच घाबरले होते मी.

१३ जानेवारी

वजन वाढलं! वाढलं!!

लतिकावहिनींकडे काटा आहे, त्यावर उभं केलं होतं. वहिनींनी विचारलं, ओट्स करता कसे? मी सांगितलं. त्या भिंतीला धरून हसल्या. "भक्तीवहिनी, अहो तुम्ही तर ओट्सचा प्रसाद केलात!" हसा. मला काय माहीत? आमच्याकडे लापशी तुपाशिवाय होते का? पण राग त्यांचा नाही आला, ह्यांचा आला. तूप-गूळ ओरपताना ह्यांना कळत नव्हतं? तिथे उभे राहून वर हसत होते!

१४ जानेवारी

संक्रांत. लाडू वळले आणि डबा माझ्या कपाटात कुलपात ठेवला. "तिळगूळ कुलपात आणि मी गोड बोलायचं?" — हे. काही गोड बोलायची गरज नाही म्हटलं. एकच दिला. छोटा.

१६ जानेवारी

आज पाण्यात शिजवले. खळ झाली. अनूच्या प्रोजेक्टचे कागद चिकटले असते त्याने. "मम्मी, ये क्या है यार," म्हणून तिने वाटी सरकवली. पातेलं घासताना रडूच आलं. रागाने.

वहिनी येऊन दाखवून गेल्या. रात्री भिजवायचे नाहीत, ऐन वेळी पाणी उकळलं की घालायचे, आच मंद, सारखं ढवळत बसायचं नाही. चिमूटभर मीठ. उतरवताना पाव वाटी दूध, साय काढलेलं. वर सफरचंदाच्या फोडी. तूप — हात जोडून विनंती — नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सव्वीस जानेवारीच्या परेडच्या सरावाची ड्यूटी, त्यामुळे हे अंधारातच निघतात. डबा देते. डबा रिकामा येतो आणि विसळून येतो. लग्नापासून ह्या माणसाने कधी डबा विसळलेला नाही. वजन मात्र हलायला तयार नाही. काहीतरी शिजतंय, आणि ते ओट्स नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

अविनाश! हो, ह्यांचं नाव लिहिते. वहीत कोण बघतंय! अविनाश, अविनाश, अविनाश!

अनू शाळेतून आली ती सांगतच. "मम्मी, बसमधून दिसले ना पापा! सदर बाजारच्या नाक्यावर, ठेल्यावर. छोले-भटुरे खात होते, आय स्वेअर! आणि तो ब्राऊनवाला कुत्ता आपला डबा चाटत होता."

कुत्रा! मी थंडीत काकडत उठते, धुक्यात दूध आणायला जाते, सफरचंदाच्या फोडी पातळ करते — कुत्र्यासाठी? आणि चाटून झाल्यावर डबा विसळायचा! लग्नापासून पहिल्यांदा विसळला तोही कुत्र्याच्या उष्ट्याचा!

आल्या आल्या धरलं. तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला माझी किंमत नाही, पोरीची नाही, जाऊबाई हसतील तेव्हा तुम्ही ऐकायला नसता, मी असते. ह्यांनी बूट घेतले आणि पॉलिश करत बसले. एकच बूट, कितीतरी वेळ. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी

आता माझ्या डोळ्यांसमोर. मीही अंधारात उठते. समोर बसते, वाटी रिकामी होईपर्यंत उठू देत नाही. ह्यांच्या खिशात पैसे ठेवत नाही. नाक्यावरच्या ठेलेवाल्यालासुद्धा जाऊन सांगून आले — "भैया, हमारे हवलदार साब को भटूरा दिया ना, तो देख लेना." तो घाबरला. बरंच झालं.

२६ जानेवारी

परेड टीव्हीवर बघितली. हे कुठेच दिसले नाहीत. बंदोबस्तात असतात, दिसणार कसे.

२९ जानेवारी, बुधवार

उतरतंय! वहिनींच्या काट्यावर आता ठरलेल्या वजनाच्या जेमतेम आत आलंय. असंच तीन तारखेपर्यंत राहिलं की झालं. आणि ओट्स आता असे होतात — दाणा दाणा मोकळा, तरी मऊ. कोणी शिकवून घ्यावं माझ्याकडून.

सासूबाईंना फोनवर सांगून टाकलं. जाऊबाई मागे असणारच. एवढं सगळं चाललंय आणि हे? वाटी पुढे केली की खातात, संपली की खाली ठेवतात. हंबरतसुद्धा नाहीत. नसेना का!

३१ जानेवारी, शुक्रवार

वहिनींकडे हळदीकुंकू. क्वार्टर्सच्या लायनीतल्या सगळ्या मराठी बायका होत्या. वाण म्हणून चहाची गाळणी. माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता वहिनी म्हणाल्या, "तुमचं कौतुक आहे हो भक्तीवहिनी. स्वतःच्या हाताने तयार करून पाठवताय. आमच्याच्याने नसतं झालं."

पाठवतेय? कुठे?

वहिनींचा हात थांबला. मग स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. ह्या खेपेला ज्याला नायब सुभेदारी मिळेल त्याला एप्रिलमध्ये वर जायचंय. बर्फात. दोन वर्षं. केतनभाऊजींच्या ऑफिसात डिसेंबरपासून सगळ्यांना माहीत आहे. "आम्हाला वाटलं, तुम्हाला सांगितलंच असेल भाऊजींनी."

सगळ्यांना माहीत! मी सोडून! ती गाळणी घेऊन मी हसत हसत बाहेर आले आणि सगळ्यांना तिळगूळ दिला. घरी येऊन गाळणी भिंतीवर फेकली. वाकडी झाली.

१ फेब्रुवारी, शनिवार

अनू शिकवणीला गेली तेव्हा विचारलं. का नाही सांगितलंत?

"तू किती खूश होतीस."

ते उत्तर आहे का? मग म्हणाले, "मला नाही जायचं, भक्ती. भीती वाटते असं नाही. म्हणजे, वाटते. मागच्या वेळी गेलो तेव्हा अनूला दोन दात होते. आलो तर ती मला 'अंकल' म्हणाली. आता पुढच्या वर्षी दहावी. ह्या वेळी घरी राहायचंय मला."

तर साहेबांना सांगायचं सरळ!

"साहेबांना नाही म्हणता येत नाही. ओट्सला म्हणता येतं."

मला हसू आलं आणि त्याचाच भयंकर राग आला. मी काय मूर्ख होते का? मला सांगितलं असतं तर? म्हणे, "तू 'जाऊ नका' म्हणाली असतीस तर राहिलो असतो, आणि तुला जन्मभर हवालदाराचीच बायको केलं म्हणून माझ्या मनाला लागलं असतं. 'जा' म्हणाली असतीस तर गेलो असतो. दोन्ही नको होतं." म्हणजे काय, सगळं वजनाच्या काट्यावर टाकून मोकळे! आणि मी तो काटा रोज खाली ओढत बसलेय, सफरचंदाच्या फोडी घालून.

मागच्या वेळी ते वर होते तेव्हा बातम्यांत हिमस्खलन सांगितलं, आणि फोन लागेना. सासूबाईंनी ताट वाढलं, घास उतरेना. तेव्हा नायब सुभेदारी आठवली नव्हती मला. काहीच आठवलं नव्हतं.

मग आता काय करायचं मी? काय?

२ फेब्रुवारी, रविवार

ओट्स केले. ह्यांनी वाटीला हात लावला नाही, मीही समोर बसवून खायला लावले नाहीत. शेवटी त्या ब्राऊन कुत्र्याला नेऊन घातले. मेला किती आवडीने खातो!

दिवसभर बोलले नाही ह्यांच्याशी. सासूबाईंचा फोन आला — "उद्या ना ग? गावभर सांगितलंय मी." गावभर! अनूने विचारलं, "मम्मी, पापा पास होणार ना?" मी म्हटलं, गप अभ्यास कर.

मी अजून चिडलेलीच आहे. एवढ्या कष्टाने उतरवलंय ते वजन. एवढी वर्षं घालवलीत त्या पदासाठी, ह्यांनीही आणि मीही. उद्या वेळेवर ओट्स होतील. ठरलं. पुढचं पुढे.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज वजन. ओट्सचं पाकीट फळीवरून काढलं. परत ठेवलं. रवा भाजला. तूप मोजलं नाही, साखरही नाही. ह्यांनी शिऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन वाट्या खाल्ल्या. तिसरी त्यांनी मागितली नव्हती. मीच वाढली.