सुजाताच्या बोटावरचा वळ

१२ नोव्हेंबर, बुधवार, संध्याकाळ

सुजाता खोटं बोलतेय. नक्की. म्हणजे, नक्की तरी कसं म्हणू? पण तो वळ मी पाहिलाय.

ब्लाउजपीस घ्यायला आम्ही दोघी दुर्गदबैलच्या बाजारात गेलो होतो. वाटेत ती दोऱ्याच्या दुकानात शिरली. दुकानदार अण्णांनी न विचारताच जाड रीळ काढलं. म्हणाले, "काय अक्का, मागच्या आठवड्यातलं संपलं?"

"हो की, आई गोधडी शिवतेय," ती म्हणाली.

काकू? त्यांना मोतीबिंदूमुळं सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही!

रीळ पिशवीत टाकताना तिची डावी तर्जनी दिसली. आडवा, लालभडक वळ. खुर्चीच्या हाताला दोरा बांधून रोज ऑपरेशनच्या गाठी मारायचा सराव करत बसलं की नेमका तिथंच वळ उठतो.

आणि हीच गेल्या महिन्यात म्हणाली होती, "पुढच्या डिग्रीला सर्जरीची एकच जागा. कोण पडतंय त्या भानगडीत? मी आपली गावच्या जनावरांच्या दवाखान्यात बरी." व्हेटरनरीची इतकी वर्षं एका बाकावर काढली, म्हणून विश्वास ठेवला मी.

की असेल खरंच गोधडी? मग वळ?

सर्जरी मला झेपायची नाही, असं मीही तिला सांगितलंय. आणि वळ माझ्याही बोटावर आहे.

परतताना बसमध्ये तिनं विचारलं, "थंडी वाजतेय का गं? हात ओढणीत का?"

मी हो म्हटलं. दोघींच्याही कपाळावर घाम होता.