एका सेल्फमध्ये चालू

२ डिसेंबर, मंगळवार

अप्पांचं डोकं फिरलंय. श्रीनगर! तेही डिसेंबरात! कांद्याची फेरी ठरवून आले आणि जेवताना मीठ मागावं इतक्या सहज सांगितलं — "पंधरा तारखेला काश्मीर." आईने हातातली पोळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच पाठवतेय.

म्हटलं, अप्पा, तिकडे पारा शून्याच्या खाली जातो, आपली गाडी नाही टिकणार. तर म्हणे, "निफाडची थंडी खाऊन मोठा झालोय मी. मला थंडी नको शिकवू." हे एक निफाडवाल्यांचं! तापमान चार अंशांवर गेलं, पेपरात गावाचं नाव आलं, की छाती फुगते. थंडी काय यांनी शेतात पिकवलीय?

पण खरी बातमी पुढेच आहे. हात धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी तू तयार कर."

मी!! अंबडच्या सर्व्हिस सेंटरला दिवसाला पाच-सहा ट्रक माझ्या हाताखालून जातात, पण घरच्या ट्रकच्या पान्यालाही हात लावायची परवानगी नव्हती. "तुझ्या कंपनीच्या गाड्या बघ. ही माझी हाय." डिप्लोमा होऊन सहा वर्षं हेच ऐकतेय. आणि आज स्वतःहून!

गाडी बंद पडली तर मात्र जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. पडणार नाही.

४ डिसेंबर

रेडिएटर उघडला. आत साधं पाणी. कूलंटचा थेंब नाही! गेरूसारखं लाल पाणी निघालं, पाच बादल्या ओतून धुतला तेव्हा स्वच्छ झाला.

अप्पा बाजूला उभे, तोंड रस्त्याकडे. सांगितलं, पाणी गोठलं की फुगतं, इंजिनचा ब्लॉक तडकतो, सगळं संपलं. काही उत्तर नाही. पुन्हा सांगितलं. ढिम्म! मला उत्तर देणं म्हणजे यांना कमीपणा. शेवटी समोर जाऊन उभी राहिले आणि ओरडले. तेव्हा म्हणाले, "घाल ना मग. वरडतीस कशाला?"

घातलं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. पहिला डाव माझा!

७ डिसेंबर, रविवार

आज दिवसभर आडगाव नाक्यावर, गाडीखाली. जाड ऑइल काढून थंडीचं पातळ भरलं. डिझेल फिल्टर नवा. दोन बॅटऱ्यांपैकी एक पार गेलेली — दोन्ही बदलल्या. सनी मदतीला होता. सनी म्हणजे माझा चुलतभाऊ, अप्पांच्या गाडीवरचा दुसरा ड्रायव्हर. दिवाळीपासून अप्पा त्याच्याशिवाय घोटीलासुद्धा जात नाहीत. "वय झालं का हो?" असं विचारायची छाती घरात कुणाचीच नाही.

संध्याकाळी इंजिन चालू केलं. अप्पा आले, इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरवर तळहात ठेवला, डोळे मिटले. देवाच्या पायावर ठेवतात तसा! सनीला हसू आवरेना.

मग मला विचारलं, "आवाज कसा वाटतो?"

तीस वर्षं या माणसाने नुसत्या कानावर इंजिनं दुरुस्त केलीत. नाक्यावरचे मिस्त्री गाडी अडली की अप्पांना बोलावतात. मीही डोळे मिटून ऐकलं. सगळं ठीक — नाही, थांब. पुढच्या बाजूला बारीक कुईऽऽ. फार बारीक.

"वॉटर पंपाचं बेअरिंग चाललंय," मी म्हटलं.

माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. मग, "हं. बरोबर."

सनी कानात म्हणतो, "ताई, परीक्षा घेऊन राहिले तुझी. त्यांना आधीच म्हाईत आसंल."

८ डिसेंबर

पंप उतरवला. बेअरिंग खुळखुळ्यासारखं वाजतंय! काश्मीरपर्यंत गेलंच नसतं. नवा पंप बसवला. पास!!!

११ डिसेंबर

शेजारच्या लताबाई सकाळीच दारात. "तेजस्विनी, तुमच्या टीव्हीवरच्या बातम्या आम्हाला आमच्या घरात पाठ झाल्या गं." अप्पांना सांगितलं तर रागावून टीव्ही बंदच केला. इतकं काय?

दुपारी डिझेलवरून जुंपली. मी सांगितलं, इकडचं डिझेल तिकडच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं, म्हणून पंजाबात टाकी भरायची नाही. काटा खाली आणत आणत जम्मू गाठायचं आणि थंडीत चालणारं डिझेल तिथे भरायचं. अप्पांचा नियम असा की काटा अर्ध्याच्या खाली म्हणजे ड्रायव्हर बिनडोक! "तीस वर्षांत माझी टाकी कधी खाली नाय झाली. गोठलं तर खाली शेकोटी करू, सगळेच करतात."

टाकीखाली शेकोटी! ऐकूनच माझं डोकं सटकलं. आई मध्ये पडली — "गाडी तिच्या हाती दिली ना? मग ऐका की तिचं." आई जिंदाबाद. सनीला वेगळं बजावून ठेवलंय.

१५ डिसेंबर

गेले. नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. इंजिन चालू. निघताना सगळ्यांच्या देखत अप्पांचा हात पुन्हा कव्हरवर आणि पुन्हा तेच — "आवाज कसा वाटतो?"

आता जरा अतीच झालं. किती परीक्षा! पण ठणकावून सांगितलं, "एक नंबर. जा बिनधास्त."

तर हसले! अप्पा! हसले!

१९ डिसेंबर

सनीचा फोन. जम्मू. काटा अगदी तळाला आणून टाकी तिथेच भरली. "अप्पा पूर्ण पंजाबभर शिव्या देत व्हते, पण ऐकलं तुझं." अप्पांना फोन दे म्हटलं तर, "ते म्हणत्यात तूच बोल." एवढा कसला ताठा?

२० डिसेंबर

फोन लागत नाही. टीव्हीवर बर्फ. दर पाच मिनिटांनी पुन्हा लावतेय.

२१ डिसेंबर, रविवार

चालू झाली!!! एका सेल्फमध्ये!!!

आधी नीट लिहून काढते, मग नाचते. काझीगुंडच्या पुढे बर्फ पडला म्हणून सगळ्या गाड्या रात्रभर अडवून ठेवल्या. उणे सात. सकाळी रस्ता उघडला तर रांगेतली एकही गाडी चालू होईना. कुणी सेल्फ मारून मारून बॅटरी बसवली, कुणी टाकीखाली चिंध्या पेटवल्या. सनी म्हणतो, त्याला भीतीने किल्लीला हात लावायचं धाडस होईना. अप्पांनी किल्ली फिरवली. एकदा. घुर्रर्र करून चालू!

"ताई, आख्खी लाईन वळून बघाया लागली! नासिकची गाडी, म्हणे!" मग अप्पा खाली उतरले आणि आपल्या बॅटरीला वायरी जोडून आणखी चार गाड्या चालू करून दिल्या. एका म्हाताऱ्या सरदारजी ड्रायव्हरने विचारलं, मिस्त्री कोण तुमचा? अप्पा म्हणाले — सनीने शपथ घेऊन सांगितलं — "मेरी बेटी."

रडले मी. भरपूर रडले. आई विचारते काय झालं, मला सांगताच येईना. ती म्हणाली, तू आधी बस, आणि पाण्याचा तांब्या दिला. मग दोघींनी मिळून शिरा केला आणि लताबाईंकडेही वाटीभर दिला.

सेंटरमध्ये उद्या सगळ्यांना सांगणार. रविवार मध्येच कशाला येतो!

३० डिसेंबर

आले! नाक्यावर अप्पांच्या सगळ्या दोस्तांना गोष्ट सांगून झाली. उणे सातचे आता उणे बारा झालेत. येताना अप्पांनी माझ्यासाठी अक्रोड आणले आणि पान्यांची जुनी पेटी माझ्या पायाशी ठेवली. त्यांची. तीस वर्षांची. कुणाला हात लावू देत नव्हते ती. आज माझ्याइतकं सुखी कुणी नाही.

३१ डिसेंबर

सकाळी फेरीनंतरची तपासणी. इंजिन दहा मिनिटं चालवलं, ऐकलं, बंद केलं. अप्पा पाठमोरे, नळावर हात धूत होते. बराच वेळ धूत होते. तसंच, मागे न बघता विचारलं, "आता कसा वाटतो आवाज?"

गाडी बंद होती. कधीचीच.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून गाडीकडे. नळ बंद केला, ओला हात कानावर नेला.

"दिवाळीपासून," म्हणाले. "आईला नको सांगू."