खंडेनवमीची रपेट

२४ सप्टेंबर
आले एकदाची कडावला! गादी, कुकर, बॅग, सगळं टेंपोतून धड उतरलं. घोडेस्वारीची नवी शाळा, मी शिक्षिका. खरे घोडे दिवाळीनंतर यायचेत. तोवर शेडमध्ये एकच, तोही यंत्राचा. आपण खोगिरावर बसायचं, खालच्या मोटरी दुडकी चालवतात, तोल कुठे गेला ते समोरचा पडदा सांगतो. दोन वर्षांपूर्वी घोड्यावरून पडले, तेव्हापासून रिकिबीत पाय घातला की माझे हात गार पडतात. मालक राजेशसरांना ते ठाऊक आहे. दिवाळीपर्यंत भीती घालवा, नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल, असं ते हसत हसत म्हणाले. या यंत्रावरून पडले तरी खाली गाद्या आहेत. जमेल मला!

२८ सप्टेंबर
शेड झाडायला हिरू येते, तेवढाच माणसाचा आवाज. ती गेली की भाताच्या खाचरांपलीकडे चिटपाखरू नाही. आईला फोन केला, ती भिशीत होती. नंतर करते म्हणाली. केला नाही. घोड्याचं नाव राजा ठेवलंय. पडद्यावर ‘छान’ उमटलं की मी चक्क लाजते. वेडीच आहे.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. हिरूने कोयता, झाडू पूजले, तसंच राजालाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. जाताना बजावलं, "ताई, आज बसू नका त्याच्यावर. आज हत्यारांनी इसावा घ्यायचा." मी मान हलवली. पण सणासुदीचं एकटीने करायचं काय? संध्याकाळी बसलेच. काय सुरेख चालला! हात गार पडले नाहीत.

३ ऑक्टोबर
तुटलेली माळ बघून हिरूने ओळखलं. चिडली नाही, घाबरली. "इसाव्याच्या दिवशी कामाला लावलात? आता त्यो थांबनार नाय." मला हसू आलं. खरं तर मी मजेत आहे. रोज बसते.

९ ऑक्टोबर
रपेट चालू असताना लाइट गेली. पडदा विझला. राजा थांबला नाही. मी कशीबशी उतरले, तरी रिकामाच दुडकत राहिला. खोगीर कोमट होतं, पण ते माझ्या बसण्यानेच असणार.

१४ ऑक्टोबर
हिरू ठाकुरवाडीला माहेरी गेली, दिवाळी करूनच येईल. प्लग काढून ठेवलाय. तरी माझ्या खोलीत शेडच्या भिंतीपलीकडून दुडकी ऐकू येते, भर दुपारीसुद्धा. भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर — सोबतही वाटते.

१६ ऑक्टोबर
नुसती बसले. प्लग खाली पडलेला दिसत होता. चालू झाला. पाय रिकिबीतून सुटत नाहीत — ओढून पाहिलं — कुणी धरल्यासारखे —

बहुतेक १७
वही कमरेला खोचलेली होती म्हणून हे. अक्षर हलतंय. फोन खोलीत वाजतोय. वाजून थांबतो, पुन्हा वाजतो. आईच असेल. नंतर करते म्हणाली होती —

तारीख?
गाद्यांवर झोकून देते स्वतःला. तोल जातच नाही. एवढी घट्ट मांड माझी कधीच नव्हती. सरांना सांगा, पडायची भीती गेली —

उजाडलं
राजा, थांबू नको हवं तर. पाड मला. एकदाच पाड रे, एक —